चिंचेने घासलेली दुनळी

मी एकदा बंदूक चिंचेने घासली. चिंच, मीठ आणि विटेची पूड, वर नारळाचा काथ्या. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून, पितळेचं पातेलं घासावं तशी. नातवंडांना हे सांगितलं की ती लोळून हसतात. मीही हसते. पुढचं काय झालं ते मात्र त्यांना सांगत नाही.

बंदूक माझ्या थोरल्या दिरांची. टिटवाळ्याच्या पुढे आमची भातशेती, तिथे रानडुकरांचा त्रास. म्हणून त्यांनी तरुणपणी परवाना काढून एक जुनी दुनळी विकत घेतलेली. नळीवर मुंबईतल्या कुठल्याशा दुकानाचं नाव कोरलेलं. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्यामुळे घरात सगळे तिला ‘दुकानाची बंदूक’ म्हणत. सगळ्यात जास्त मी. मी डोंबिवलीत राहणारी, बीए झालेली, इंग्रजी अक्षरं वाचणारी सून! खऱ्या बंदुकीवर कंपनीचं नाव असतं, हे ज्ञान मला कुठून झालेलं देव जाणे. दीर फसले, असा निकाल मी चहा पिता पिता देऊन टाकलेला. ते मात्र दसऱ्याला तिच्यावरून तेलाचा फडका फिरवत, झेंडूचं फूल वाहत, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ते गेले, तेव्हा मी पंचावन्नची. म्हणजे अक्कल यायला भरपूर वेळ मिळालेला. परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून बंदूक कल्याणच्या परवानाधारक दुकानात जमा करा, असं पोलिसांनी सांगितलं. पुतण्या म्हणाला, “आई, भंगार आहे ते. देऊन टाक नि मोकळी हो.”

जाऊबाई ऐकेनात. “देईन. पण आधी तो दुकानवाला बघू दे. चांगली आहे असं कागदावर लिहून देऊ दे. माणूस जन्मभर तुमची बोलणी खाऊन गेला.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मला एकदम मदतीचा उमाळा आला. नळ्या काळपट तपकिरी, डाग डाग पडलेले. मला तो गंज वाटला. मुलगी दाखवायची तर तोंड धुऊन दाखवतात ना? जाऊबाई दुपारच्या आडव्या झाल्या आणि मी बसले घासायला. तासाभरात नळ्या अशा लखलखल्या की त्यात माझं तोंड दिसू लागलं. जाऊबाई उठून आल्या, बघून हरखल्या. “किती गं राबलीस!” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने पोलिसांचं पत्र आणि बंदूक घेतली, आणि आम्ही तिघं कल्याणला गेलो. दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी नळ्या सुट्या केल्या, खालच्या बाजूचे बारीक ठसे भिंगातून बघितले आणि मान डोलावली.

“माल विलायतेकडचा. तेव्हा मोठी दुकानं तिकडून बंदुका करून आणायची आणि वर आपलं नाव घालायची. नाव दुकानाचं, पण हात पक्क्या कारागिराचा. ही नळी लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलीय. हिच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. शौकीन लोक त्या नक्षीसाठीच घेतात.” मग नळी उजेडात फिरवत त्यांनी विचारलं, “ही घासली कुणी?”

 पुतण्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

“बाई, तो गंज नव्हता. तीच नक्षी होती. आता वरून कुणालाच काही दिसणार नाही.”

जाऊबाई म्हणाल्या, “पण चांगली आहे, एवढं लिहून द्या.”

“तोंडाने शंभरदा म्हणेन, ताई. पण आज माझ्यापुढे जे आहे तेच मला लिहावं लागतं.” आणि त्यांनी लिहिलं: जुनी दुनळी, नळ्या घासलेल्या, किंमत नाममात्र.

पुतण्याने कागद वाचला. “बघ, भंगारच,” म्हणाला आणि पावतीवर सही करायला आत गेला.

आम्ही दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिलो. मी जाऊबाईंचा हात धरला. “वहिनी, चुकले मी. पण ऐकलंत ना, शेठ काय म्हणाले? भाऊजी फसले नव्हते.”

त्यांनी हात सोडवून घेतला नाही. रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, “मला ते आधीपासून माहीत होतं गं. दाखवायचं होतं ते बाकीच्यांना. आता काय दाखवू, तुझी चकचकीत नळी?”