विकायचंय, पण एवढ्यात नाही

वकिलाकडे भांडणं जमतात, डॉक्टरकडे दुखणी जमतात. माझ्याकडे जमतात घर विकायला निघालेली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलेली माणसं. बरं, जमवायला काही करावं लागत नाही. दुकानाचं शटर वर केलं की एक किस्सा आत येतो आणि खुर्ची ओढून बसतो.

श्रीवर्धनच्या बाजारपेठेत माझं छोटंसं ऑफिस आहे. घरं, प्लॉट, वाड्या, सगळ्याची खरेदी-विक्री. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं, म्हणून अजूनही रोज दोन-तीन जण माझ्यापुढे आधार कार्ड धरून उभे राहतात. शेजारच्या खुर्चीत माझे पार्टनर मुनाफभाई. मी कागद बघते, ते माणसं बघतात. आणि खरं सांगायचं तर या धंद्यात कागद फार सोपे असतात!

कपाटात दोन फायली आहेत. एकीवर लिहिलंय 'विकायचंय'. दुसरीवर मुनाफभाईंनी लाल स्केचपेनने लिहिलंय, 'विकायचंय, पण एवढ्यात नाही'. पहिली अशी पातळ की वाऱ्याने उडेल. दुसरीला नाडी पुरत नाही.

"शुभाताई, आत्ता विकू की थांबू?" हा प्रश्न मला दिवसातून पाच वेळा तरी येतो. आता आमचा बाजार कसा, तर समुद्राजवळचं कौलारू घर असलं की होमस्टेवाले हातोहात उचलतात. तोच बाजारातला चांगला टाइल्सवाला फ्लॅट वर्षानुवर्षं पडून. म्हसळ्याच्या बाजूला रस्त्याची बातमी आली की भाव चढतो, बातमी विरली की उतरतो. यातून मला काय कळणार, कपाळ! पण मी चष्मा वर सरकवते, कॅलेंडरकडे बघते आणि म्हणते, "जरा थांबा." लोकांना तेच ऐकायचं असतं.

*

दिवेआगरचे वसंतदादा. घर छान, मागे सुपारीची वाडी. मुंबईहून एक साहेब आले, काळा गॉगल, हाफ पँट. गाडीतून उतरतानाच विचारलं, "सी-व्ह्यू आहे का?"

मी काही बोलायच्या आत वसंतदादा म्हणाले, "हाय ना! फुल सी-व्ह्यू!"

मी चाट पडले. समुद्र तिथून चांगला दहा मिनिटं लांब. साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "कुठून दिसतो?"

दादांनी शांतपणे एका उंच पोफळीच्या शेंड्याकडे बोट केलं. "तितनं. सुपारी काढणारा आमचा गडी रोज बघतो."

मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. साहेबांनी गॉगल काढला, शेंड्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "मग लिफ्ट कधी बसवून देताय?" दोघं असे हसले की बैठक तिथेच झाली. ते घर पहिल्या फायलीतून विकलं गेलं. अशी उदाहरणं थोडी आहेत, म्हणून आधी सांगून टाकलं.

*

आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी होते. बाजारात पहिल्या मजल्यावर फ्लॅट. मुलीजवळ राहायला जायचं म्हणून विकायला काढला. गुरुजींचा दोष एकच, खोटं बोलता येत नाही.

गिऱ्हाईक दारात आलं की गुरुजी सुरू. "या खिडकीतून पाऊस आत येतो. हा नळ बंद केला तरी थेंब पडतो, बादली ठेवावी लागते. वरचे लोक पहाटे पाट्यावर वाटण वाटतात. पाटा, हं. मिक्सर असता तर दोन मिनिटांत संपलं असतं."

तीन गिऱ्हाइकं गेल्यावर मी वैतागले. म्हटलं, "गुरुजी, तुम्ही घर विकताय की प्रगतिपुस्तक देताय?"

चौथं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बादलीसुद्धा बघितली. मग गुरुजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "आजच्या काळात इतका खरा माणूस बघायला मिळत नाही. असा शेजार असेल तर मी घर घेतो!"

गुरुजी गोंधळले. "अहो, पण मी तर जाणार. म्हणूनच विकतोय ना!"

गृहस्थांनी हात सोडला. "मग नको."

ते निघून गेले आणि गुरुजींचा फ्लॅट दुसऱ्या फायलीत गेला. ते दोघं मात्र अजून रोज संध्याकाळी बंदरावर एकत्र फिरायला जातात.

*

आता तात्या आणि काकी. ही दोघं दुसऱ्या फायलीत सगळ्यात खाली आहेत, कारण ती सगळ्यात आधी आली.

गावाच्या टोकाला त्यांचं कौलारू घर, पुढे पडवी, मागे पंचवीस-तीस पोफळी. वादळात निम्मं छप्पर उडालं तेव्हा आळीतल्या सगळ्यांनी पत्रे टाकले. तात्यांनी मात्र गावोगाव फिरून जुनी कौलं जमवली आणि स्वतः चढून बसवली. दोघंही सत्तरीपुढची. मुलगा पनवेलला चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. "बाबा, आत्ता भाव आहे. विका, इकडे या. उद्या कुणी पडलं-झडलं तर मला पोचायला अर्धा दिवस."

घर दोघांच्या नावावर. म्हणजे सही दोघांची हवी. आणि दोघं एकाच दिवशी कधी तयार होत नाहीत!

पहिल्यांदा तात्या आले. "ताई, विकून टाकू. माझ्यानं आता वाडी व्हत न्हाय." मी गिऱ्हाईक आणलं. काकी म्हणाल्या, "अळवाचं खाचर मी आत्ताच लावलंय. नंतर बघू."

मग काकींचे गुडघे धरले. त्यांचा फोन. "शुभा, विकून टाक गं. मला आता उठवत नाही." मी गिऱ्हाईक आणलं. अंगणभर सुपारी वाळत घातलेली, तात्या त्यात पाय दुमडून बसलेले. म्हणाले, "सुपारी वाळू दे."

"किती दिवस लागतील?"

"चाळीस-पंचेचाळीस."

"आणि मग?"

"मग दुसरी उतरंल की!"

मुनाफभाई परत येताना रिक्षात म्हणाले, "ताई, यांचं घर विकायचं तर आधी यांचं भांडण लावलं पाहिजे. एवढ्या प्रेमानं राहणारी माणसं घर सोडत नाहीत." काकींनी तेव्हा आम्हा दोघांना अळूच्या वड्या बांधून दिल्या होत्या, त्या मुनाफभाईंनी रिक्षातच संपवल्या. माझ्याही.

*

मुनाफभाईंच्या ओळखीचे एक गृहस्थ दोह्याला असतात. इथलं घर बंद. तिथून फोन आला, "भाई, निकाल लावून टाका. कुणी राहणारं नाही आता." मुनाफभाई गिऱ्हाईक घेऊन गेले आणि मालकाला कळावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला. इथेच चुकलं.

"जरा विहीर दाखवा." दाखवली.

"पाणी किती आहे?" वाकून दाखवलं.

"मागे फणस होता ना?" मागे गेले. फणस खालपासून वरपर्यंत लगडलेला.

फोनमधून मालकाने सगळे फणस मोजून घेतले. मग बारीक आवाजात, "भाई, त्यातला एक काढून ठेवा. मी ईदला येतोय."

गिऱ्हाईक बिचारं शेजारी उभं! मुनाफभाई ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "यापुढे नुसता ऑडिओ." त्यांनी तसा बोर्डच भिंतीवर लावलाय.

*

म्हसळ्याच्या अलीकडे दगडूदादांचं घर. रस्ता रुंद होणार, रस्ता रुंद होणार, असं तीन वर्षं चाललं होतं. दादांचं एकच पालुपद. "रस्ता व्हऊ दे, भाव येल, तवा विकीन."

झाला रस्ता! अगदी दारावरून. मी खुशीत फोन लावला. "दादा, आणू गिऱ्हाईक?"

"आना की! कितीजन हायेत?"

"दोघं."

"मंग दोनच वडं टाकतो. गरम हायेत, लवकर या."

पडवीत त्यांनी हॉटेल टाकलं होतं. वडे मात्र फर्मास होते, खोटं कशाला बोलू.

*

पुन्हा तात्यांकडे येते. दोघांचं एकमत होईना तेव्हा तात्यांनी ठरवलं, देवाला कौल लावायचा. आमच्याकडे मोठी गोष्ट अडली की लोक ग्रामदेवतेपुढे जातात. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

काकींना गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनात, म्हणून तात्यांना स्कूटरवर मागे बसवून मीच घेऊन गेले.

गुरवाने विचारलं, "काय विचारायचं?"

तात्या हात जोडून म्हणाले, "घर विकू का नको?"

गुरव वैतागला. "तात्या, असं विचारून देव 'हो' म्हणाला तर काय समजायचं? देवाला हो आणि नाय एवढंच येतं. कौलात समदं परश्नावर असतं."

तात्यांनी विचार केला. "यंदा घर विकू का?"

कळी पडली. उजवी! मी मनातल्या मनात पहिली फाईल उघडलीसुद्धा. घरी येऊन तात्यांनी काकींना सांगितलं. काकी तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "यंदा म्हणजे कुठलं यंदा?"

"म्हंजे?"

"गुढीपाडवा चार दिवसांवर आलाय. या यंदात गिऱ्हाईक मिळणार का? आणि पाडवा झाला की ते यंदा संपलं. देवानं हो म्हटलंय ते या चार दिवसांसाठी."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कॅलेंडरकडे बघितलं. बाई बरोबर बोलत होती!

*

आणि मग एक दिवस ती दोघं एकत्र ऑफिसात आली. एकत्र! काकी तात्यांचा हात धरून पायरी चढल्या. आधल्या आठवड्यात त्या मोरीत घसरल्या होत्या. फार लागलं नव्हतं, पण घाबरल्या होत्या. आणि त्यांच्यापेक्षा तात्या घाबरले होते.

"ताई, काढा फाईल," तात्या म्हणाले.

मी काकींकडे बघितलं. "हो गं," त्या म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. धंदा आहे माझा. पण मी फायलीची नाडी फार सावकाश सोडली, आणि मुनाफभाई उगाचच उठून चहा सांगायला बाहेर गेले.

गिऱ्हाईक लगेच मिळालं. डोंबिवलीचं डॉक्टर जोडपं, माणसं गोड. विसार देऊन सह्या करायचा दिवस ठरला. सकाळी दहाला आम्ही सगळे पडवीत बसलो. कागद मधे पसरलेले. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "कौलं काढून आम्ही स्लॅब टाकू, चालेल ना?" तात्या म्हणाले, "घर तुमचं, मला काय विचारता?" आणि त्यांनी पेन उघडलं.

सही करण्याआधी त्यांनी बायकोकडे बघितलं. "करू ना?"

काकी खांबाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "थांबा जरा." त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटले. ओठ थोडे हलले, ऐकू काही आलं नाही.

तेवढ्यात मागच्या पोफळीवरून एका वांदराने छपरावर उडी मारली. धडधड करत ते पुढच्या पाख्यावर आलं, आणि पडवीवरचं एक कौल निसटून घसरत अंगणात पडलं. खळ्ळकन!

डॉक्टरसाहेब दचकून उभे राहिले. वांदर पळालं.

"कौल पडलं," काकी म्हणाल्या.

तात्यांनी पेन तसंच हातात धरलं. "कुठल्या बाजूचं?"

"उजव्या."

"आपल्या उजव्या का घराच्या?"

"घराच्या. देवाचं उजवं देवाच्या अंगानं धरतात."

मुनाफभाई माझ्या कानाशी आले. "ताई, उजवं म्हणजे हो ना? मग सही?"

तात्यांनी पेनाला टोपण लावलं. इतकी वर्षं ओळखते त्यांना, पण चेहरा असा कधी बघितला नव्हता, परीक्षेचा निकाल ऐकायला बसलेल्या मुलासारखा.

"पन परश्न? परश्न कोनी विचारला होता?"

"मी. आत्ता. मनात."

"काय विचारलंस?"

मोरीत घसरल्यापासून कुणाचा हात धरल्याशिवाय न उठणाऱ्या काकी, खांबाला धरून एकट्या उठल्या. छपराला पडलेल्या भोकातून उन्हाचा एक चौकोन आमच्या कागदांवर पडला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं.

"आधी शिडी आणा."