हिरवं दिसलं की

भिमाबाईचा विश्वास कशावरच नव्हता. दुकानातून आणलेलं बी ती मुठीत घेऊन हुंगायची, पाण्यात टाकून बघायची आणि ते तळाशी बसलं तरी दुकानदारानं वजन वाढावं म्हणून काहीतरी चोळलं असेल म्हणायची. आम्ही सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या कॉलनीतल्या बायका कुंड्यांसाठी मिरची-वांग्याची रोपं तिच्याकडून आणायचो. देताना बाई अशी बघायची, जणू आम्ही ती घरी नेऊन मुद्दाम मारणार आहोत. मला तिचा रागही यायचा आणि दुसरीकडे जाववायचंही नाही.

ही धुळ्याकडची माणसं. नवरा आणि दीर सिल्वासात सुताच्या कारखान्यात लागले, तेव्हा भिमाबाई आणि तिची धाकटी जाऊ चंदा या दोघींनी जवळच्या खेरडी गावात जमिनीचा तुकडा भाड्यानं घेतला आणि शेजारी-शेजारी रोपांचे वाफे केले. परमुलखात दोघींना एकमेकींशिवाय जवळचं कुणी नव्हतं.

चौऱ्याण्णव साली भिमाबाईची मिरची उगवली आणि आडवी झाली. खोड जमिनीलगत काळं, दोऱ्यासारखं बारीक. चंदाचा वाफा जरा उंचावर, पाणी निचरणारा. तिची थोडीच रोपं गेली. झालं! भिमाबाईला चोर सापडला.

"साबणाचं पाणी सोडलं तू माझ्या वाफ्यात. माले काय समजत नाही का?"

चंदानं पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती रडली. भिमाबाईनं दोघींच्या वाफ्यांच्या मधोमध मातीचा बांध घातला आणि बोलणं टाकलं.

त्याच सुमारास शेती खात्यातला जयवंत तिथं आला. मेलेलं रोप उपटून बघत तो म्हणाला, "बाई, ही बुरशी आहे. ही भुकटी घ्या. हीसुद्धा बुरशीच, पण ती त्या बुरशीला खाते. मुरलेल्या शेणखतात कालवा, ओलं पोतं झाकून सावलीत ठेवा. हिरवं दिसलं की तयार झालं समजा. मग वाफ्यात मिसळून वर बी टाका."

"बुरशीनंच बुरशी मरते? मंग चोरालेच राखणीले बसवा ना!"

फुकट देतोय म्हणजे यात काहीतरी काळंबेरं आहे, हे तिनं ओळखलं. पण फुकटचं परत करवेना. भुकटी खतात कालवून तिनं वर ओलं पोतं झाकलं.

ती रोज पोतं उचलून बघे. रोपं विकणाऱ्या बाईला हिरवं म्हणजे कोंब. एके सकाळी पोतं उचललं, तर कोंब नाहीच. सगळ्या खतावर हिरवीगार बुरशी, शिळ्या भाकरीवर येते तशी. साहेबानं फसवलं! चांगलं खतही नासवलं!

चंदा नवा वाफा तयार करून बाजाराला गेली होती. भर दुपारी भिमाबाईनं ते नासकं खत घमेल्यात भरलं, बांध ओलांडला आणि चंदाच्या वाफ्यात ओतून हातानं सारखं केलं. मरू दे हिचीही रोपं, मग कळेल. स्वतःचं बी तिनं साध्या मातीत टाकलं.

हे मला पुढं तिनंच सांगितलं, आणि कुणाला सांगणार नाही ना, असं पुन्हा पुन्हा विचारलं. तिचा संशय या बाबतीत तरी खरा ठरला.

भिमाबाईची रोपं पुन्हा आडवी झाली. चंदाची दाट, ताठ उभी राहिली.

जयवंत आला तो सरळ चंदाच्या वाफ्याशी थांबला. "वा! औषध यांच्या वाफ्यात घातलंत होय? हिरवं झालं होतं ना खत? ती हिरवी बुरशीच आपली राखणदार."

जयवंत गेला. चंदानं वाफ्यातली अर्धी रोपं मुळांच्या मातीसकट उचलली आणि बांधावरून पुढं केली.

"घ्या जिजी. मी बाजारातून आले तवा लांबूनच पाहिलं होतं तुमाले घमेलं ओतताना," ती म्हणाली. "माझ्याशी बोलणं टाकलं, तरी माझ्या वाफ्यात खत घालाले इसरल्या नाहीत."

भिमाबाईनं तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. डोळ्यांत पाहिलं, ओठांच्या कोपऱ्यात पाहिलं. आयुष्यभर तिला जिथंतिथं सापडत आलेला टोमणा त्या दिवशी कुठंच नव्हता. तो असता तर तिला भांडता तरी आलं असतं.