मस्कतवाला

माझा धाकटा भाऊ हिलाल सुट्टीवर घरी आला की खाटेवर आधी रुमाल अंथरायचा, मग बसायचा. त्याच खाटेवर तो लहानाचा मोठा झाला होता. मस्कतला जाऊन तेव्हा त्याला दोनच वर्षं झाली होती. माझी बायको कमल त्याला म्हणाली, "आमनी खाटले काटा शेतस का, हिलालभाऊ?" तो हसला, पण रुमाल काही उचलला नाही.

मी चौथी शिकलो. शिरपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये जन्म गेला. लिहायची सवय नाही, पण हिलालला लहानपणापासून ओळखणारं आता दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

आमची आई लवकर गेली. कमल लग्न होऊन घरात आली तेव्हा हिलाल नऊ वर्षांचा होता. तिनेच त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिनेच कान धरून शाळेत नेला. पुढे तो एसी दुरुस्ती शिकला आणि एका ओळखीच्या माणसाबरोबर मस्कतला गेला. पहिली पाच-सहा वर्षं तो आला की आम्हाला नुसतं तिथल्या स्वच्छतेचं ऐकवायचा. "तठे बठ्ठं चकचक शे, भाऊ. धूय नावले नही." आमचं पाणी त्याला चालायचं नाही, बाजारातल्या गर्दीची शिसारी यायची. साक्रीची एक मुलगी त्याच्यासाठी पाहिली होती. ही सुट्टी नको, पुढच्या सुट्टीत बघू, असं तो म्हणत राहिला. तिच्या बापाने तिला दुसरीकडे दिली. हिलालला त्याचं काही वाटलं नाही. निदान तेव्हा तरी.

चाळिशी ओलांडल्यावर रुमाल गेला. आता तो आला की सरळ खाटेवर आडवा व्हायचा आणि कमलला म्हणायचा, कळण्याची भाकरी कर, ठेचा कर. जाताना बॅगेत ज्वारीचे पापड, आमचे बिबडे, भरून न्यायचा. विमानात सगळे मोडायचे. पोचल्यावर फोन करून सांगायचा, चुरा झाला, पण चुराही खाल्ला. त्याच्या नावामुळे तिथले लोक त्याला मुसलमान समजायचे, नमाजाला हाक मारायचे. आमच्याकडे हिंदूंतही हिलाल नाव घरोघरी असतं, हे सांगून तो थकला. एकदा मला म्हणाला, "तठे बठ्ठा मले हिलालसाब म्हंतस. हिलाल्या कोनी म्हनत नही, भाऊ." मी म्हटलं, मान मिळतो ते बरं नाही का? त्याला काय सलत होतं ते मला तेव्हा कळलं नाही. ज्याला रोज चारचौघांत आपल्या माणसांच्या शिव्या मिळतात, त्याला ते कळत नाही.

पन्नाशीनंतर दर वर्षी म्हणायचा, आता येतोच कायमचा. दर वर्षी राहून जायचं. तिथला त्याला कंटाळा होता आणि इथली भीती. इथं येऊन मी कोण, असं त्याला वाटत असावं. मी त्याची कधी समजूत काढली नाही. माझा स्वभाव तसा नाही.

मग कमल आजारी पडली. दोन महिने अंथरुणात होती. तिने त्याचं नाव काढलं, मी फोन केला. येतो म्हणाला. ती गेली, मी पुन्हा फोन केला. येतो म्हणाला. दहावं झालं, तेरावं झालं, हा आला नाही. मग वर्षाने आला, कंपनीने म्हाताऱ्यांना काढलं तेव्हा. दोन बॅगा घेऊन दारात उभा. मी म्हटलं, बस. त्यापुढे मी त्याच्याशी कामापुरतंच बोललो.

त्या श्रावणात घरी कानबाई बसली, आमची कुळाची देवी. दुखवट्याचं एक वर्ष खाडा पडला होता. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या गोड जाड पोळ्यांसाठी, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. माणूस कुठेही असो, त्याचं नाव घ्यायचं. आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. हिलाल मस्कतला होता तितकी वर्षं कमलने त्याची मूठ चुकवली नव्हती. त्याच्या वाटचे शिळे रोट ती स्वतः खायची. दात हलायला लागले तेव्हा ताकात भिजवून खायची.

सून सूप घेऊन बसली. म्हणाली, नाना, नावं सांगा. मी माझं सांगितलं, मुलाचं सांगितलं, नातवाचं सांगितलं. आणि म्हटलं, झालं. सुनेचा हात तसाच राहिला. हिलाल उंबऱ्याशी बसला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तो हळूच म्हणाला, "भाऊ, मनी मूठ राह्यनी."

मी म्हटलं, "तुझी मूठ मस्कतला. इथं कोणाची माती होते तेव्हाही तू तिथंच असतोस."

मी विसरलो नव्हतो. वर्षभर ते तोंडात धरून बसलो होतो.

तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मी तठे व्हतू तवलोंग वहिनी जित्ती व्हती, भाऊ." तिथं होता तोवर त्याच्यापुरती ती जिवंत होती. मग सांगितलं, तिकीट काढलं होतं, विमानतळापर्यंत गेलो होतो, तिथून परत फिरलो. ते खरं असेल. मला तेव्हा खरं वाटून घ्यायचं नव्हतं. मी सुनेला म्हटलं, दळायला घे.

कानबाई पाण्यात सोडली त्या दुपारी तो बॅगा घेऊन निघाला. जळगावला काम बघतो म्हणाला. सून रडली, मुलगा माझ्यावर ओरडला. मी खाटेवरून उठलो नाही. नंतर त्याचा दोनदा फोन आला, मुलगा बोलला. मी पुढे होऊन फोन मागितला नाही. आज ना उद्या तोच येईल, असं धरून चाललो होतो. तो कायम यायचा, त्यामुळे सवय लागली होती.

सात महिन्यांनी जळगावहून अनोळखी आवाज आला. खोलीचा मालक, सलीमभाई, सायकल दुरुस्तीवाला. म्हणाला, हिलालभाऊंची तब्येत फार बिघडली आहे, त्यांच्या मोबाइलमध्ये 'भाऊ' म्हणून हा एकच नंबर आहे. मी चोपड्यावरून एसटीने गेलो. पोचेपर्यंत संपलं होतं.

खोली लहान, स्वच्छ. गल्लीतली माणसं दाराशी जमली होती. मला वाटलं आता हे विचारतील, इतके दिवस कुठे होतात. मी खाली बघून उभा होतो. सलीमभाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाकीच्यांना सांगितलं, हे मोठे भाऊ. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हिलालभाऊ नेहमी सांगायचे, माझी माणसं सगळी मस्कतला असतात. भाऊ आहे, वहिनी आहे, पुतण्या आहे. जीव लावतात फार, पण लांब पडतं, यायला जमत नाही. तुम्ही कधी आलात मस्कतहून?"

गल्लीतले सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "आजच आलो."