पाहूबाई आणि बिनऔषधाची गोळी

स्वतःचा धडधाकट फोन मुद्दाम पाण्याच्या बादलीत बुडवणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली. ती म्हणजे माझी घरमालकीण, पाहूबाई. कागदोपत्री त्यांचं नाव कौसल्या. पण कोणी काहीही सांगितलं की ‘करून पाहू’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघायचेच, म्हणून अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या त्या गावानं त्यांना पाहूबाई करून टाकलं होतं. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेलो होतो आणि त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. विज्ञान कोण कोणाला शिकवणार आहे, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

झालं असं, की तलावाच्या पाळीवरून पाणपक्ष्यांचा व्हिडिओ काढता काढता माझा फोन पाण्यात पडला. कसाबसा बाहेर काढून धावत घरी आलो आणि म्हणालो, “मावशी, डबाभर तांदूळ द्या. तांदूळ ओल ओढून घेतो.”

“कोनता देऊ? उकडा का कच्चा?”

“कोणताही चालेल.”

“कोनताही कसा? सगळे तांदूळ सारखेच असते तं गोंदियात एवढ्या गिरण्या कायले चालल्या असत्या?”

तांदूळ त्यांनी दिला. मग डबा बंद करता करता विचारलं, “अन् तांदळात नाही ठेवला तं?”

“तर बिघडेल.”

“कोनी पाह्यलं?”

पाहूबाईंनी कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा फोन काढला, बादलीत सोडला आणि शांतपणे शंभरपर्यंत आकडे मोजले. मी ओरडलो, तेव्हा म्हणाल्या, “तुमचा एकट्याचा बुडून काय कळन, सर?” मग त्याची बॅटरी वेगळी केली, पुसपास केली आणि सगळं सुपात मांडून पंख्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी सुपातला फोन वाजला. माझ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात तांदळाची कणी अडकली होती आणि तो कायमचा निजला होता. मी हार मान्य केली. त्या मात्र जीत मान्य करेनात. “माहा बटनाचा, तुमचा काचंचा. बरोबरी कुठं झाली? तुमच्या हेडमास्तरचा फोन तुमच्यासारखाच हाय ना?” पुढचे आठ दिवस मी हेडमास्तरांना आमच्या घराकडे फिरकू दिलं नाही.

ही खोड त्यांना सरकारी बियाणे केंद्रावर लागली होती. तिथं त्यांनी तीस-बत्तीस वर्षं मजुरी केली. साहेब लोक नवं खत आणायचे, नवी फवारणी आणायचे, पण प्रत्येक वेळी एका वाफ्याला द्यायचे आणि शेजारच्या वाफ्याला काहीच द्यायचे नाहीत. ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजायचं काम पाहूबाईंकडे असे. शिक्षण चौथीपर्यंत. पण ज्याला काहीच दिलं नाही त्या वाफ्याकडे आधी बघायचं, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. गावात कोणी म्हणालं, अमुक पाल्याचा काढा घेतला आणि खोकला आठवड्यात गेला, की ह्या विचारणार, “अन् ज्यानं नाही घेतला, त्याचा किती दिवसांत गेला?” यामुळे काढा सांगणारे लोक त्यांच्या दारावरून जरा भरभर चालत.

पैशाच्या बाबतीतही तेच. गावात एकाला फोन आला होता, ‘तुमच्या खात्यात पैसे येणार आहेत, फक्त पिन टाका’. त्यानं टाकला आणि खातं रिकामं झालं. पाहूबाईंनी मला समोर बसवलं. मी त्यांना एक रुपया पाठवायचा, त्यांनी मला परत पाठवायचा, असं तासभर चाललं. शेवटी निकाल लागला, “देनाऱ्याले पिन विचारते, घेनाऱ्याले नाही विचारत.” महिन्याभरात तसला फोन त्यांनाही आलाच. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “बाबू, मले पैसे येऊन राहिले ना? मंग पिन तू टाक.” पलीकडच्यानं हिंदीत शिवी हासडली. ह्यांनी झाडीबोलीत तिचा असा समाचार घेतला, की फोन त्यानंच ठेवला.

अशा बाईच्या गावात औषधाचा अभ्यास करायला शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची माणसं आली, हा निव्वळ योगायोग. गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची परीक्षा होती. सोबत एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी समाजमंदिरात बायकांना जमवून सरळ सांगितलं, की निम्म्या पाकिटांत औषधाच्या गोळ्या आहेत, निम्म्यांत बिनऔषधाच्या. दिसायला दोन्ही सारख्या. कोणाला काय मिळालं, ते इथं मलाही माहीत नाही. आपली गोळी दुसरीला द्यायची नाही, एवढाच नियम.

एकच गलका उठला. “म्हंजे अर्ध्या बायकाइले फसवता का?” “आमी काय उंदीर हाओ?”

पाहूबाई उभ्या राहिल्या. “कोरी गोळी खानारीनं काहीच गमावलं नाही. ती नसन तं मॅडमले कळन कसं, का बरं वाटलं ते गोळीनं का जीपमदी बसून तालुक्याले गेल्यानं?” बायका हसल्या आणि नावं दिली गेली. तपासणीसाठी दर महिन्याला जीप न्यायला येणार होती, हेही खरंच.

एकीचं नाव मात्र कटलं. ती मंजुळाबाई, पाहूबाईंची शेजारीण आणि जिवाची मैत्रीण. तिचा रक्तदाब फार चढा निघाला. मंजुळाबाई गोंड. माघातल्या जत्रेला कचारगडच्या डोंगरात गोंडांच्या देवांच्या गुहेपर्यंत चढून जायचं, हा तिचा नेम. आदल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि ती पायथ्यावरूनच रडत परत आली होती. गावातल्या सगळ्या समवयस्क बायकांना गोळी मिळाली, आपल्याला नाही, म्हणून ती दोन दिवस जेवली नाही.

इकडे गावात भलताच बाजार सुरू झाला. जी गोळी कडू लागते ती खरी, असं कोणीतरी काढलं. मग चाखणं आलं, अदलाबदल आली, ‘आज तुही, उद्या माही’ आलं. पाहूबाई घरोघर जाऊन झापायच्या, “परीक्षा हाय बायांनो, कॉपी नोका करू!” बायका पदराआड हसायच्या. मला हे ऐकून फार करमणूक वाटे. माघात मंजुळाबाई कचारगड चढून आली आणि आमच्या ओसरीवर येऊन लहान मुलीसारखी नाचून दाखवती झाली. तेव्हाही मला काही उमगलं नाही.

उमगलं ते चैत्रात. मंजुळाबाई मोहफुलं वेचायला गेली होती. तिथं तिला भोवळ आली आणि लोकांनी उचलून घरी आणलं. संध्याकाळी पाहूबाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सर, सकाळी माह्यासंगं दवाखान्यात चला. मंजुळाले काही झालं तं ते माह्यानं झालं.”

“म्हणजे?”

“सकाळची गोळी मी खात होती. संध्याकाळची तिले देत होती. दिवाळीपासून.”

“मावशी, तुम्हीसुद्धा?”

“ती रडून राहिली होती, सर. तिचं रडनं पाहून मी का म्हनू, का थांब, परीक्षा चालू हाय?”

सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. मंजुळाबाईला खिडकीशी बसवलं होतं. नेमका दुसऱ्या गावांच्या तपासणीचा दिवस असल्यानं तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम भेटल्या. पाहूबाईंनी खुर्ची घेतली नाही. उभ्यानंच म्हणाल्या, “मॅडम, तुमचा पेपर फुटला. साऱ्या गावानं कॉपी केली. अन् सगळ्यात मोठी चोर मी.” मग सगळं सांगितलं, काही न लपवता.

मॅडमनी आधी मंजुळाबाईला तपासलं. मग बाहेर जाऊन कोणाशी तरी बराच वेळ फोनवर बोलल्या. असा धोका असेल तर कोणाच्या पाकिटात काय आहे ते उघडता येतं म्हणे. परत येऊन त्यांनी पाहूबाईंना आणि मला बाजूला घेतलं. “घाबरू नका. तुमची गोळी कोरी होती. मंजुळाबाईंना उन्हानं आणि उपाशीपोटी चालल्यानं भोवळ आलीय. फक्त रक्तदाबाची त्यांची नेहमीची गोळी चुकवू देऊ नका.”

पाहूबाई पदरात तोंड खुपसून रडल्या. रडता रडता मधेच हसायलाही लागल्या. “म्हंजे ती कचारगड चढली ते...”

“कोऱ्या गोळीवर,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही हसू आवरलं नाही. पण नंतर त्यांनी वहीत लांबलचक रेघ मारली. गाव अभ्यासातून वगळलं गेलं.

गावातल्या बायकांना हे सहन होईना. जीप बंद, तपासणी बंद, आणि सगळं कोणामुळं, तर पाहूबाईंच्या खरेपणामुळं. त्या वर्षी रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या टोळीत त्यांना कोणी बोलावलं नाही. हापशीवर त्या आल्या की गप्पा थांबत. “बरं झालं, तसेही गुडघे दुखूनच राहिले,” असं त्या मला म्हणत, पण बांधावरून गाणी ऐकू येऊ लागली की घरातलं एखादं भांडं उगाच पुन्हा घासायला घेत. त्यांच्याकडे येणारी एकटी मंजुळाबाईच राहिली. आणि तिचं एकच पालुपद, “कौसल्या, ते गोळी आता कोठीसा भेटत नाही का वं? पुढच्या माघाले कसी चढू?”

सात महिने पाहूबाईंनी तोंड उघडलं नाही. जन्मभर प्रत्येक निकाल चौकात सांगणारी बाई एक निकाल पोटात घेऊन फिरत होती. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी ओसरीवर मी पेपर तपासत असताना त्यांनी सांगून टाकलं. “मंजुळा, त्या गोळीत काहीच नव्हतं.”

मंजुळाबाईनं हात झटकला. “खोटी बोलतं.”

“सरले विचार.”

मी मान हलवली.

“मंग मी चढली कसी?”

“मले काय म्हाइत? पाय तुहे होते,” पाहूबाई म्हणाल्या. “पुन्हा चढून पाहू. या वर्षी मीबी येतो.”

मंजुळाबाई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं जत्रेचा शिधा पाखडायला घेतला.

तोवर माझी बदली कचारगडाच्याच सालेकसा तालुक्यात झाली होती, म्हणून माघात मी दोघींना पायथ्याशीच गाठलं. मंजुळाबाई हळूहळू, पण न थांबता चढत होती. अर्ध्या वाटेत पाहूबाईंचेच गुडघे बसले. त्या एका दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, “जा तुमी. माहा निकाल लागला.”

मंजुळाबाई मागे वळली, खाली आली. पदराची गाठ सोडून तिनं काहीतरी पुढं केलं. “घे. मोठ्या डॉक्टरनं देल्ली.”

“हे तं पेपरमिट हाय.”

“मले म्हाइत हाय. तुलेबी म्हाइत हाय. खाय मुकाट्यानं.”

पाहूबाईंनी ती गोळी चघळून चघळून खाल्ली. दोघी मैत्रिणी दगडावर खांद्याला खांदा लावून बसल्या. जत्रेची माणसं त्यांना वळसा घालून वर जात राहिली. मग पाहूबाई उठल्या आणि थेट गुहेपर्यंत गेल्या.

वर पोचल्यावर धापा टाकत त्यांनी मला जवळ बोलावलं. “सर, खोटी हाय हे म्हाइत असून खाल्ली, तरी चढली. हे काऊन, ते लिहून ठेवा. अन् खाली जागा सोडजा, उत्तर भेटलं का लिहाले.”

त्याच पावसाळ्यात पाहूबाई गेल्या. मी पोचलो, तेव्हा रोवणं अर्धं टाकून त्याच टोळीतल्या बायका चिखलाच्या पायांनी अंगणात बसल्या होत्या. मंजुळाबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “पाह्य, आल्या साऱ्या.”

प्रश्न मी माझ्या टाचणवहीत लिहून ठेवला आहे. खाली अर्धं पान सोडलंय. दर वर्षी नववीच्या मुलांना तो वाचून दाखवतो. मुलं भराभर उत्तरं देतात आणि मी पेन उचलतो. पण दर वेळी आधी विचारतो, “कोणी पाह्यलं?” मग पेन खाली ठेवतो.