मत्तीच्या वळणावरचं लिंबू

लिंबू सोडलं. ते घरंगळत बाहेरच्या कडेला गेलं आणि मत्तीच्या झाडाखाली थांबलं.

"परत एकदा सर," मॅडम म्हणाल्या.

परत सोडलं. परत तिकडंच.

दिग्गीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे वळण. झाडाखाली एक दगड आहे, त्यावर ड्रायव्हर लोक लिंबू ठेवून पुढं जातात. जागा वाईट आहे म्हणतात. मी त्यातलंच एक उचललं होतं. मॅडम म्हणजे तालुक्याच्या नवीन ज्युनिअर इंजिनीअर. मी त्याच रस्ते खात्यातून वर्क इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालो. वर्क इन्स्पेक्टर म्हणजे खडी किती जाड पडते, रोलर किती वेळा फिरतो हे उन्हात उभं राहून बघणारा माणूस. हे वळण माझ्याच देखरेखीखाली झालं आहे.

सायकलवाला वळताना आतल्या बाजूला कलतो. गाडीला स्वतःहून तसं कलता येत नाही, म्हणून रस्ताच कलता करतात. बाहेरची कड उंच, आतली खाली. याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. आमचे गँगवाले नुसतं 'चढ' म्हणायचे. या वळणावर बाहेरची कड वीतभर उंच हवी. आम्ही नळीत पाणी भरून दोन्ही कडा मोजल्या. बाहेरची कड चार बोटं खाली निघाली.

"एवढा उलटा कसा झाला?" मॅडमनी विचारलं.

"झाला नाही. मी केला."

वळणाच्या आत सोमा नावाच्या शेतकऱ्याची भाताची खाचरं आहेत. काम चालू असताना आठ दिवस मी त्याच्याच घरी जेवलो. शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "सायबा, रस्त्याचं सगळं पाणी माझ्या तरव्यावर येतंय बघ. रोपं ऱ्हातील व्हय?" बरोबर होतं त्याचं. उपाय मला माहीत होता. आतल्या कडेला ओढ्यापर्यंत बांधीव गटार. पण ते एस्टिमेटमध्ये नव्हतं. ऑफिसला लिहायचं, मंजुरी येईपर्यंत थांबायचं, तोवर पावसाळा लागणार आणि रोलर दुसऱ्या कामावर जाणार. मी उतारच फिरवला. पाणी बाहेरच्या कडेला, डोंगराच्या बाजूला गेलं. सोमानं जाताना फणस दिला. कागदावर मी लिहिलं, काम नकाशाप्रमाणे पूर्ण.

त्याच पावसाळ्यात गावातल्या परशरामचा टेम्पो इथं घसरला आणि मत्तीच्या झाडावर आदळला. पुढं डाव्या सीटवर त्याचा थोरला भाऊ नारायण बसला होता. तो जागेवरच गेला.

पोलिसांनी मला विचारलं, "रस्त्यात काही दोष?"

मी म्हणालो, "रस्ता बरोबर आहे. गाडी वेगात असणार."

गाडी मी पाहिलीही नव्हती. परशरामचं लायसन गेलं. अर्ध्या गावानं ठरवलं, प्यायला असणार. उरलेल्यांनी ठरवलं, भूत आहे. रस्त्याकडं कुणी बघितलं नाही. पुढं दोनदा नवीन डांबर पडलं, पण डांबर जुन्याच उतारावर चढतं. चौदा वर्षं अशी गेली. गेल्या पावसात शाळेची व्हॅन तिथंच घसरून डोंगराकडच्या चरात टेकली. मुलं वाचली. दुसऱ्या दिवशी दगडावर लिंबं वाढली होती. तेव्हा मी मॅडमच्या ऑफिसात गेलो.

तर, हे सगळं ऐकून मॅडमनी वही उघडली. "उद्या सकाळी जेसीबी येतोय. उतार सुधारायचा, आतून गटार बांधायचं. कारण लिहिते, पावसानं रस्त्याची झीज. तुमचं नाव कशाला सर? ह्या वयात?"

"झीज नाही झाली मॅडम. माझं नाव लिहा. आणि जेसीबी दहापर्यंत थांबवा."

"का?"

"एकदा खणलं की पुरावा गेला. तो एका माणसाला दाखवायचाय."

संध्याकाळी परशरामच्या घरी गेलो. तो सुपारी सोलत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"मला काय सांगतासा? मला तवाच ठाव हाय. स्टेअरिंग आत दाबलेलं, आन् गाडी भायेर वढत हुती. सांगितलं तर कोण ऐकतंय? दारुड्याचं?" सुरी बाजूला ठेवून तो म्हणाला, "लक्ष्मीवैनीला सांगा. नारायणदादा गेल्यापास्नं ती माझ्यासंगं बोललेली न्हाई. एकाच अंगणात ऱ्हातो आमी."

सकाळी नऊला लक्ष्मीवैनी वळणावर आल्या. परशराम मागून आला आणि लांब, उन्हात उभा राहिला. जेसीबीवाला बिडी ओढत बसला होता. मी सायकलवाल्याचं उदाहरण दिलं, चढ समजावला. वैनींनी मला मध्येच थांबवलं.

"शिकवू नगा. लिंबू द्या."

त्यांनी स्वतः सोडलं. ते झाडाकडं गेलं. जागा बदलून पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा त्या लिंबाच्या मागोमाग चालत गेल्या आणि झाडाच्या बुंध्याला हात लावून थांबल्या.

"हे तुमी केलासा?"

"हो."

"तवा का बोलला न्हाईसा?"

"नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

"आन् आमच्या परशरामाचं गेलं, तेचं काय?"

त्या वळल्या आणि चौदा वर्षांनी दिराशी पहिल्यांदा बोलल्या.

"उन्हात का उभा ऱ्हायलायस खांबासारखा? सावलीत ये."

तो आला. मत्तीच्या सावलीत दोघं उभी राहिली. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. मी जेसीबीवाल्याला हात केला.

काम बारा दिवसांत झालं. मी रोज नळी घेऊन हजर. मॅडम म्हणाल्या, "सर, कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला वैतागलाय." म्हटलं, "वैतागू दे." बाहेरची कड वीतभर वर आली. गटाराचं पाणी ओढ्याला जातं. सोमा आता नाही, पण त्याच्या सुनेची रोपं शाबूत आहेत. सगळी हकिकत मी लिहून सही करून दिली. एक प्रत मॅडमच्या फाइलला, एक पोलिसांना, एक परशरामला. खातं माझं काय करायचं ते करील. परशरामनं त्याची प्रत वैनींकडं ठेवायला दिली आहे. गाडी मात्र तो चालवत नाही. "हात इसरलं," म्हणतो.

भर पावसात मी पुन्हा लिंबू सोडून बघितलं. आत गेलं.

माझ्या जागेवर आज जे कोणी असतील त्यांच्यासाठी एवढंच. वळणाचा उतार आत असतो. पाणी शेतात जात असेल तर गटार मागा, रोलर गेला तर जाऊ दे. आणि गाडी बघितली नसेल, तर ती वेगात होती असं सांगू नका.