पडद्यावरचं वाक्य

ओव्हरहेड प्रोजेक्टर आमच्या पालघरच्या कॉलेजात आला तेव्हा त्याच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, कारण स्टाफरूममध्ये वस्तू जागच्या जागी ठेवणारी मी एकटीच होते. एम.ए.च्या मुलांना लघुप्रबंध लिहायला शिकवणं हे माझंच काम होतं. मी पारदर्शक कागदांचे तीन गठ्ठे केले: चांगले परिच्छेद, वाईट परिच्छेद आणि दुरुस्त केलेले. प्रत्येकावर क्रमांक घातला. भिंतीवर पांढरी चादर लावली, खिडक्यांना प्रयोगशाळेतले काळे पडदे. यंत्राचा पंखा घरघरायला लागला, तसा तारापूरच्या कारखान्यात पाळी करून येणारा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे असा आवाज आला की लाइन बंद करतात."

"इथे बंद करायची नाही. दिसेल ते लिहून घ्यायचं," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.

प्रबंध विद्यापीठात पाठवायच्या आदल्या दिवशी सकाळी मी नऊच्या नऊ तपासायला घेतले. माझ्या यादीत मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, समास, संदर्भसूची एवढंच होतं. चौथा प्रबंध विक्रमगडच्या बाजूच्या पाड्यावरून आलेल्या मुलीचा. विषय तिच्याच पाड्याचा: भातकापणी झाली की घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, त्यांत तिचंही. सतराव्या पानावर वाक्य होतं, 'स्थलांतर करणारी कुटुंबे मुलांच्या शिक्षणाबाबत उदासीन असतात.'

हे वाक्य माझं होतं. वाईट परिच्छेद, क्रमांक सहा. आधार नसलेलं विधान कसं असतं ते दाखवायला मीच बनवलेलं.

मी तिला बोलावून घेतलं.

"तुझे बाबा उदासीन आहेत का गं?"

"नाय मॅडम. भट्टीवर जाताना मला मामाकडे ठेवायचे, शाळा बुडू नये म्हणून."

"मग हे कुठून आलं?"

"पडद्यावर होतं."

"ते चुकीचं म्हणून दाखवलं होतं. सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण एवढं मशीन आणून चुकीचं कोण दाखवेल? वाटलं, आमी बोलतो ते घरातलं. परबंधात असंच लिहायचं असतं."

प्रबंध टाइप करणारा बाजारातला टायपिस्ट बारा वाजता दुकान बंद करून बोईसरला जायचा. अकरा वाजत आले होते. वाक्य तसंच गेलं असतं तरी ती पास झाली असती. फक्त विद्यापीठाच्या कपाटात, तिच्या सहीने, तिचे वडील कायमचे उदासीन राहिले असते.

मी तिला वर्गात नेलं, यंत्र चालू केलं, कोरा पारदर्शक कागद ठेवला आणि पेन तिच्या हातात दिलं. वर्गात होते त्या चौघांना म्हटलं, "ती लिहील. प्रत्येक वाक्याला विचारायचं, कशावरून?"

तिने लिहिलं, 'पालक मुलांना नातेवाइकांकडे ठेवतात.'

"कशावरून? सगळेच ठेवतात?" कारखान्यातला लगेच म्हणाला.

तिने बोटांवर घरं मोजली. "ज्यांचं मागे कोण हाय ते ठेवतात. ज्यांचं कोणच नाय ते पोरांना संगं नेतात. नेताना आयस रडते. हे लिहू?"

"रडणं राहू दे. बाकी लिही," मी म्हटलं. ते बरोबर होतं की नाही, अजून ठरवता आलेलं नाही.

मजकूर सहा ओळींत बसवायचा होता, नाहीतर पुढची सगळी पानं सरकली असती. ओल्या फडक्याने चार वेळा पुसून झालं तेव्हा बसला. घरांची नावं तिने तळटिपेत घातली. साडेअकराला कागद घेऊन ती बाजाराकडे पळाली.

मी तिथेच उभ्याने उरलेले पाच प्रबंध उलटायला लागले. या वेळी समास बघितले नाहीत. सातव्यात, सरावलीच्या कामगार वस्तीवरच्या प्रबंधात, तेच वाक्य निघालं. त्याचा लेखक, तोच कारखान्यातला, यंत्राची वायर गुंडाळत होता.

"वायर ठेव," मी म्हटलं. "इथे ये आणि मला सांग, कशावरून?"