शिट्टी काही जाईना

माझा भाचा कॉलेजात प्रयोगशाळेचे तास घेतो. तळहाताएवढे ते बोर्ड, त्यावर एक इवलीशी चिप, आणि तिच्याकडून पोरांनी आवाज स्वच्छ करून घ्यायचा. बोलण्यात शिट्टी मिसळलेली असते. चिपने शिट्टी तेवढी काढायची, बोलणं ठेवायचं. छान आहे की! पण याचा तोरा असा, जणू कान यानेच शोधून काढले.

नोकरी अजून हंगामी. कायम झाला की माझ्या वरच्या खोलीतून बिऱ्हाड हलवायचं, असं ठरलेलं. त्याच्या बायकोने तर खोकीसुद्धा बांधून ठेवली होती. सगळं अडलं होतं समितीच्या तपासणीवर.

तर तपासणीच्या आदल्या दिवशी साहेबांना हुक्की आली. चिप सेकंदाला आवाजाचे जितके नमुने घेते, तो वेग दुप्पट केला, म्हणे समिती चाट पडेल. पण प्रोग्रॅममधले शिट्टी काढायचे आकडे जुन्याच वेगाचे राहिले. वेग बदलला की आकडे नव्याने काढायचे असतात. याच चुकीला हा पोरांचे गुण कापतो!

समिती बसली, बोर्ड चालू केला. शिट्टी ठणठणीत, उलट याच्याच आवाजाला चिमटा बसलेला.

"बोर्ड खराब आहे," हा म्हणाला. दुसरा लावला. शिट्टी. तिसरा लावला. शिट्टी! अरे, सगळ्यांत तोच प्रोग्रॅम घातलायस ना, शहाण्या?

मागून एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, वेग दुप्पट झालाय, आकडे..."

"तू गप्प बस गं!"

हे त्यानेच मला सांगितलं, तेही मोठ्या अभिमानाने.

समितीतल्या बाई फार सभ्य. म्हणाल्या, "सगळेच बोर्ड खराब असतील, तर तुमचं शिकवणं तपासायचं कशावर? नवे मागवू. ते आले की पुन्हा येऊ. तोवर कायम करायचं थांबवू या."

आता बोला!

घरी बायकोने विचारलं, "अहो, चुकलो म्हणाला असतात तर?"

"पोरांसमोर?"

"मग काय माझ्यासमोर म्हणणार होतात? इतक्या वर्षांत कधी म्हणालात?"

तिने कात्री घेतली आणि खोक्यांच्या दोऱ्या कापायला बसली. मी म्हटलं, "राहा गं बाई, खोली काय पळून जातेय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी चहा ठेवायला उठलेच.